आमची पहिली वेळ अमावस्या

२०१७ साली आम्ही नांदूरघाटच्या शिवारात दोन एकर रान घेतलं आणि वेळ अमावस्येला पहिल्यांदाच गावाला रानात जेवायचं आवतन दिलं. तोवर आम्ही लोकांच्या रानात मेंढरं बसवायचो आणि सणाला गावातल्या सत्यभामावहिनींच्या मळ्यात, सगळ्या पंगती उठल्यावर जेवायचो.

“वहिनींचा मळा सोडून आपल्याकडं कोण येतंय?” आमचे हे सकाळपासून म्हणत होते.

दुपारपर्यंत तीन पंगती उठल्या. सगळ्या भाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं रिकामं झालं, आंबिलीच्या डेऱ्याचा तळ दिसू लागला. तेवढ्यात बांधावरून खुद्द वहिनी आल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“वहिनी, आता खरवडच राहिली हाय.”

“मग वाढ की, बायडा. इतकी वर्षं तू माझ्याकडं काय खाल्लंस?”

त्या माझ्याशेजारी भुईवर बसल्या. आम्ही दोघी एकाच ताटात जेवलो.

आता हे राहिले नाहीत. रान आमचा लेक अंगद बघतो. वहिनींचा मळा विकला, त्या लेकाकडं पुण्याला असतात. पण दर वेळ अमावस्येला येतात. पहिल्या पंगतीला बसा म्हटलं, की म्हणतात, “तू बसशील तवा.”