कोरडं दुपटं

बिराजी कोळेकर या माणदेशी मेंढपाळाचं पत्र अकरा वर्षं डॉ. अच्युत खांबेट्यांच्या शब्दकोशात पडून होतं. ‘सायेब, तुमची वेदनाबंद लस दिलेली कोकरं रडत न्हाईत, पण मुतत बी न्हाईत. आमच्यात कोकरू मुतल्याबिगर कळपात मोजत न्हाईत. माझी नऊ गेली.’

खांबेट्यांनी तीनदा उत्तर लिहून फाडलं. प्रयोगशाळेत पिल्लांच्या वजनाआधी पिंजऱ्यातलं गवत बदलायची शिस्त होती. ते ओलं होतं की कोरडं, हे कुणी पाहिलंच नव्हतं; दगावलेली पिल्लं अशक्त म्हणून वगळली जात. पण एका पत्रावरून सगळ्यांचं काम थांबवणारे आपण कोण, असं त्यांना वाटलं.

या आठवड्यापासून ती लस बाळांना जन्मताच मिळू लागली. प्रसूतिगृहातल्या वीस पाळण्यांत कुणी रडत नव्हतं.

“बाबा, तुमची नात किती शहाणी!” मृणाल म्हणाली. “दोन दिवसांत एकदाही दुपटं बदललं नाही.”

खांबेट्यांनी शेजारचा पाळणा चाचपला.

“सगळी कोरडीच असतात, आजोबा,” परिचारिका हसली. “आमचं काम वाचलं.”

वेदना जागवणारी शरीरातली द्रव्यं, प्रोस्टाग्लँडिनंच, नवजात मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या उघड्या ठेवतात. लसीने ती कायमची थांबवली होती; बाळांच्या शरीरात मूत्रच तयार होत नव्हतं. खांबेट्यांनी प्रसूतिगृहाच्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. उतारा नव्हता.

संध्याकाळी खांबेट्यांनी पत्र पेटीत टाकलं. ‘बिराजी, तुमचं खरं होतं. परवा मला नात झाली. तिला अजून मोजलेलं नाही.’