तीन शिट्ट्या

शाळेच्या जंगलातल्या मुक्कामाला तीस वर्षं बाबाच मुलांना नेत. यंदा ते नाहीत, म्हणून सातवीचा वर्ग घेऊन मी आले. त्यांची पितळी शिट्टी माझ्या खिशात होती. दवाखान्याने ती चष्म्यासोबत पाकिटात घालून दिली, तेव्हापासून मी ती एकदाही ओठांना लावली नव्हती.

ऊन उतरत होतं. आम्ही तंबू ठोकत होतो.

"बाई, तुमचा तंबू बघून ससासुद्धा हसेल," वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी म्हणाली.

"हसू दे. त्याला कुठे झोपायचंय त्यात?"

तेवढ्यात ओढ्यापलीकडच्या झाडीतून शिट्टी वाजली. तीनदा, लांबलचक. तिसरी शेवटी जरा फाटली. दम लागला की बाबांची फाटायची, तशी.

मुलांनी हातातल्या खुंट्या टाकल्या आणि सगळी ओढ्याकडे निघाली.

"अरे, थांबा! कुठे चाललात?"

"असं काय करता बाई?" ती आगाऊ मुलगी चालता चालताच म्हणाली. "तीन शिट्ट्या म्हणजे हातातलं टाकायचं आणि आवाजाकडे जायचं. प्रश्न नंतर. सरांनीच शिकवलंय."

"पण सर आता..."

कुणी वळून पाहिलं नाही. ओढा फुगलेला होता. पुढची मुलं गुडघाभर पाण्यात शिरली होती.

त्यांना परत बोलवायचा एकच मार्ग होता. अलीकडून तीन शिट्ट्या. मी खिशात हात घातला.

शिट्टी ओली होती. आणि तोंडाकडची बाजू अजून कोमट होती.