विरजणाची पानं

"विरजणाची पानं चढावर नसतात, पाझराशी असतात," हेल्गे पलंगावरून म्हणाला. "पूल ओलांड, शेजारच्या एव्हर्टच्या रानात शीर. चर लागला की काठाकाठाने जा."

"कळतं मला," बुटात पाय खुपसत सिग्ने म्हणाली.

"आणि घाई करू नकोस, म्हातारे. नाहीतर पडशील, मग मलाच बघावं लागेल."

तीन आठवड्यांत त्याने पहिल्यांदाच काही खायला मागितलं होतं. त्याची आई लावायची तसलं, चमच्याला तार धरणारं दही. जांभळ्या फुलाचं ते इवलंसं झाड आपल्या चिकट पानांवर चिलटं धरून खातं. त्याच पानांनी भांडं घासलं की दूध रात्रीतून घट्ट होतं.

तो जेवला नाही तर शुश्रूषागृहात न्यावं लागेल, असं नर्स म्हणाली होती. सोमवारी त्याला न्यायला गाडी आलीसुद्धा. सिग्नेने दारात फावडं घेऊन ती परतवून लावली. मी जिवंत असेपर्यंत याला कुणी हलवायचं नाही, असं तिने ठणकावून सांगितलं. हेल्गे आतून सगळं ऐकत होता.

आज तर त्याने स्वतःहून दाढी करून घेतली. जुलैच्या उन्हात निळा स्वेटर मागितला.

"दही खायला नटतोस होय?" तिने विचारलं होतं.

"बरं दिसतं ना," तो म्हणाला होता.

चर सापडला, पण कोरडा ठाक. ती काठाने तासभर चालली. पायाखाली शेवाळाऐवजी देवदाराच्या वाळक्या सुया कुरकुरत होत्या. जिथे पाझर असायला हवा, तिथे लावलेली झाडं रांगेने उभी होती. गुडघे टेकून तिने माती उकरली. ओल कुठेच नव्हती. पान मिळालं नाही तर तो जेवणार नाही, आणि जेवला नाही तर त्याला नेतील. तिला रडू आलं.

वळणावर एव्हर्ट ओंडक्यावर बसला होता. शेजारी थर्मास, दोन कप. कुऱ्हाड मात्र दिसत नव्हती.

"विरजणाची पानं शोधतेय," डोळे पुसत ती म्हणाली. "हेल्गेने जागा सांगितली होती."

एव्हर्टने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"इथे पानं नाहीत, सिग्ने. हा चर खणून पाणी काढलं त्याच उन्हाळ्यात सगळी वाळून गेली. तुमच्या लग्नाच्या आदल्या वर्षी."

"मग हेल्गेला कसं माहीत नाही?"

"चर त्यानेच खोदला. मी फावडं घेऊन शेजारी होतो."

एव्हर्टने दोन्ही कपांत कॉफी ओतली आणि एक तिच्यापुढे धरला.

"बस जरा. गाडी दोनला निघेल म्हणाला हेल्गे. तोवर तुला इथेच थांबवायचं कबूल केलंय मी."