पंपाचा दिवा

त्या महिन्यात सासऱ्यांनी तिसऱ्यांदा पंप बदलला. गळाला लावायचे जिवंत मासे बोटीवरच्या टाकीत असतात. पाणी फिरायचं थांबलं की ते तासाभरात मरतात आणि आमचा दिवस वाया जातो. "हल्ली एकही पंप टिकत नाही," ते करवादले. मी जुना पंप उघडला. तो ठणठणीत होता. नुसती जाळी खवल्यांनी तुंबली होती. पूर्वी पंपाचा आवाज बदलला की सासरे झोपेतून उठायचे. आता त्यांना ऐकूच आलं नव्हतं. तोंडावर कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी मी सुकाणूसमोर लाल दिवा बसवला, पाणी थांबलं की पेटणारा. "इंजिनाच्या आवाजात मला पंप ऐकू येत नाही," मी म्हटलं. त्यांनी दिव्याकडे निरखून पाहिलं. "मग तो माझ्यासमोर कशाला?" मी खाली वाकून जाळीतली खवलं काढू लागले. "दिवा चांगला आहे, सूनबाई. आता जरा मोठ्यानं बोलत जा."