एका घराने सरकलेली नावं

भिंतीवरच्या पडद्यावर ती ओळ मोठी करून लावली होती: ‘ड्रायव्हर अडला, डिस्क काढली.’ साहेबांनी ती वाचून दाखवली आणि खोलीतले सगळे ताईंकडे बघायला लागले. ड्रायव्हर म्हणजे डिस्कशी बोलणारा प्रोग्राम, आणि तो पहिल्यापासून ताईंनी लिहिलेला होता.

“माझंच चुकलं,” ताई म्हणाल्या. “कुठे, ते अजून सापडत नाही. ओळ न् ओळ वाचून काढली. पण काही चुकल्याशिवाय तिथे असं कशाला येईल? गिऱ्हाइकाची यंत्रं माझ्यामुळे बंद पडली. मी सगळ्यांची माफी मागते.”

टेबलाच्या टोकाला दुभाष्या बसला होता. हे नाव त्याला ऑफिसनेच दिलेलं, आणि वरवर कुरकुर करत असला तरी ते त्याला मनातून आवडायचं. यंत्राच्या मुळाशी चालणारा प्रोग्राम, म्हणजे कर्नल, बंद पडताना आपली अवस्था एका आकड्यात नोंदवून जातो. जिन्याखाली दिव्यांच्या बटणांची रांग असते ना, तसा तो आकडा: कुठलं बटण चालू, कुठलं बंद. पूर्वी लॉगमध्ये, म्हणजे यंत्राच्या नोंदवहीत, नुसता आकडाच यायचा आणि भले भले बोटांवर मोजत बसायचे. दुभाष्याने प्रत्येक बटणाखाली नावाची चिठ्ठी लावली आणि आकड्याच्या जागी सरळ शब्द छापायला सुरुवात केली. आकडा काढूनच टाकला. शब्द आल्यावर ती अडगळ हवी कशाला?

“एक मात्र आहे,” ताई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “याच्यामुळे निदान कळलं तरी. नुसता आकडा असता तर मी अजून दुसऱ्यांना दोष देत फिरले असते.”

तो हसला. कौतुक झालं की त्याला हसू आवरायचं नाही. ते फार दिसू नये म्हणून त्याने पडद्याकडे तोंड फिरवलं आणि त्या ओळीच्या खालची ओळ वाचली. ती वाचायची गरज आजवर कोणाला वाटलीच नव्हती. ताई तर पहिली ओळ बघून तडक आपल्याच प्रोग्राममध्ये शिरल्या होत्या. खालच्या ओळीत त्याच डिस्कवर काहीतरी नीट लिहून झाल्याची नोंद होती.

डिस्क काढली असेल तर तिच्यावर लिहिलं कोणी, भुताने?

मग त्याला आठवलं. मागच्या महिन्यात त्याने रांगेत एक नवं बटण घातलं होतं. शेवटी लावलं असतं तर काही बिघडलं नसतं, पण त्याच्यासारखी बटणं एका जागी दिसावीत म्हणून त्याने ते मध्ये घुसवलं. सुबकपणाची भारी हौस. चिठ्ठ्या दुसऱ्या फाइलमध्ये होत्या आणि त्या होत्या तिथेच राहिल्या; नव्या बटणापासून पुढे प्रत्येकाखाली शेजारच्याचं नाव आलं. त्याने मनातल्या मनात एकेक नाव एका घराने सरकवलं. ओळ झाली: ‘मेमरी खराब, डिस्क चालू.’ ताईंचा ड्रायव्हर त्यात कुठेच नव्हता.

“ताई,” साहेब आवाज मऊ करून म्हणाले, “ड्रायव्हर आता दुसऱ्या टीमकडे देऊ या. तुम्हीही थोडी विश्रांती घ्या. वयाप्रमाणे होतंच.”

“हो, तेच बरं,” ताई म्हणाल्या आणि समोरचे कागद गोळा करायला लागल्या.

आता बोलायला हवं होतं. त्याने पाण्याचा ग्लास उचलला. साहेबांची नजर त्याच्यावरून फिरली तशी त्याला वाटलं, यांना कळलंच. चोराच्या मनात चांदणं. साहेबांनी फक्त विचारलं, “आणखी कोणाला काही?” सगळ्यांनी नकारार्थी मान हलवली. त्यानेही हलवली.

बाहेरच्या बोळात त्याने ताईंना गाठलं.

“ताई, ती नावांची फाइल... म्हणजे तसं बघायला गेलं तर, नवं काही आलं की कधी कधी...”

“ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. काय झालंय?”

त्याने खाली मान घालून सांगून टाकलं. मेमरी खराब आहे, ड्रायव्हर धड आहे, नावं मी चुकवली.

ताई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. “घरी रोज सांगत होते यांना,” त्या हळूच म्हणाल्या. “माझं डोकं आता चालत नाही म्हणून. माझं मीच लिहिलेलं मला कळेनासं झालं म्हणून.”

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “मी आजच दुरुस्त करतो,” तो घाईने म्हणाला. “संध्याकाळपर्यंत सगळ्यांना मेल टाकतो. सगळं लिहितो त्यात.”

“तुला कळलं कधी?”

आत्ता, असं म्हणणं सोपं होतं. “आत बसलो होतो तेव्हा,” तो म्हणाला.

“साहेबांनी विचारलं, तेव्हा?”

“त्याच्याही आधी.”

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्या मागे वळल्या आणि त्यांनी खोलीचं दार ढकललं. आत साहेब आणि बाकीचे अजून बसलेलेच होते, ड्रायव्हर कोणाकडे द्यायचा ते ठरवत.

“मी माफी मेलवर नव्हती मागितली,” ताई म्हणाल्या, आणि दार उघडं धरून त्याला आत जायला बाजूला झाल्या.