उजवा सुळा

उजव्या सुळ्यावर कुणाच्या तरी दाताची खूण होती.

(हुंगते)

सुळे म्हणजे बाटलीची दोन बुचं, ब्लेडनं तासून निमुळती केलेली. गालात कोंबली की राक्षसीण बोलायला लागायची. काढली की नुसती एक बाई उरायची. तिला दुसरं कुठलंच काम मिळेनासं झालं होतं. डाव्या बुचावर तिच्या वाकड्या दाताची खाच होती, ती जुनी, ओळखीची. उजव्या बाजूला तिचा एकही दात वाकडा नव्हता. आणि खाच ताजी होती.

म्हणजे तिची बुचं कुणीतरी तोंडात घातली होती.

(इकडे तिकडे बघते)

डबिंगच्या त्या खोलीत कोपरे फार नव्हते. भिंतींना फोम, समोर पडदा, बाजूला काच. काचेपलीकडे दिग्दर्शक मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेला. त्याच्या शेजारी रेकॉर्डिस्ट, जो दोन टेकच्या मधे मशीन कधी थांबवायचा नाही. सवय म्हणा, आळस म्हणा. काचेच्या अलीकडे ती, आणि शेजारच्या माइकवर राजकन्येला आवाज देणारी मुलगी, म्हणून सगळ्यांची राजकन्याच.

पडद्यावर एक काडीपैलवान नायक आणि त्याच्यावर जीव ओवाळून टाकणाऱ्या सहा मुली. राजकन्या, चेटकीण, जलपरी वगैरे. आणि हसवायला एक राक्षसीण, जिनं मायेनं मिठी मारली की नायकाच्या बरगड्या कडकडायच्या. आज नायकाचा रुमाल चोरीला गेला होता आणि राक्षसीण एकेकीला हुंगत सुटली होती. कागदावर प्रत्येक वाक्याआधी कंसात लिहिलेलं असायचं, पडद्यावरचं पात्र काय करतंय ते; अगदी ओठ बंद असले तर तेही.

(गुरगुरते)

नव्या भागांपासून एका गळ्यात दोन पात्रं बसवणार, असं जिन्यात कानावर आलं होतं. नायकाच्या प्रेमिका कमी होणार नव्हत्या. गळे कमी होणार होते.

आणि सकाळी ती आत आली तेव्हा राजकन्या दिग्दर्शकाशी काहीतरी बोलता बोलता थांबली होती. वर विचारलं होतं, "ताई, घसा बरा आहे ना?"

घसा! दुसऱ्याच्या घशाची चौकशी कोण करतं?

(बोट रोखते)

"माझं नाक खोटं बोलत नाही, राजकन्ये! मला सगळ्याचा वास येतो!"

ती पडद्याकडे बघतच नव्हती.

"आज खरंच चावाल कुणाला तरी," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "पण पडद्यावरच्या ओठांच्या पुढे गेलात. परत घेऊ. मिनिटभर थांबा, साहेबांचा मेसेज आलाय." त्यानं मान पुन्हा खाली घातली.

तिनं बुचं काढून तळहातावर घेतली.

"ही कुणी घातली होती?"

"काय ते?" राजकन्या वाकून बघायला लागली. "अगंबाई, हे तुम्ही तोंडात घालता?"

"साळसूदपणा पुरे. उजवं बघ. कुणाचा दात आहे हा?"

"मला काय माहीत? मी काय दातांची डॉक्टर आहे?"

"तूच घातलीस. मी नसताना सराव चालतो ना तुझा?"

"शी! तुमची उष्टी बुचं मी कशाला घालू, ताई?"

"मग आता घाल. चाव. खूण जुळली नाही तर पाया पडेन तुझ्या."

बुचं तिनं रुमालानं पुसली. अगदी निगुतीनं, पाहुण्यांच्या कपासारखी. हात पुढे केला. राजकन्येनं काचेकडे बघितलं. तिथून काही मदत येईना. तिनं डोळे मिटले, बुचं गालात सारली आणि आ वासला.

(निरखून बघते)

सरळ, एकसारखे दात. मोत्यांची माळ म्हणतात तसे. त्या खाचेत बसेल असा एकही नाही.

आणि तेव्हा तिला आठवलं. काल घाईत, जिन्यातलं बोलणं लांबलं म्हणून, बुचं न बघताच तोंडात टाकली होती. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. दात तिचाच होता.

"बरं, राहू दे," ती म्हणाली. "दे इकडे."

पण राजकन्येचं डोकं आता फिरलं होतं. गालात बुचं तशीच ठेवून ती ओरडली.

"मी तुमचं काय घोडं मारलंय हो, ताई?"

आवाज घुमला. मधेच फाटला, खाली तळाशी जाऊन गुरगुरला आणि शेवटी 'ताई'वर असा काही केविलवाणा झाला, की रेकॉर्डिस्टला खुदकन हसू फुटलं. एवढी वर्षं तो राक्षसिणीला हसायचा, अगदी तसंच.

दिग्दर्शकानं मोबाइल पालथा ठेवला.

"हे आलं का रे?"

"आलं की. मशीन चालूच आहे."

काचेतून त्यानं राजकन्येकडे बघितलं. पहिल्यांदाच बघावं तसं.

"ते घोडं परत एकदा मार बघू."

"सर, मी... हे ताईंचं आहे," राजकन्या म्हणाली. बुचांमुळे तेसुद्धा राक्षसिणीच्याच आवाजात आलं. रेकॉर्डिस्ट पुन्हा हसला.

पडद्यावर राक्षसीण बोट रोखून, तोंड वासून थांबलेली. तिला कुणाचाही आवाज चालणार होता.

तिनं आपल्या बुचांसाठी हात पुढे केला. राजकन्येनं हाताकडे बघितलं, मग काचेकडे. मग बुचं तशीच गालात ठेवून ती माइकच्या जवळ सरकली.

(ओठ बंद)