नाडीची साक्ष

नाव विचारले आणि यंत्राचा काटा उसळला. तज्ज्ञाने भुवया उंचावल्या. स्वतःचे नाव सांगताना ज्या बाईचे काळीज एवढे धडधडते, तिने काय काय केले नसेल!

साबणाच्या त्या कारखान्यातून नव्या सुगंधाचे सूत्र प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेले होते. फितूर हुडकण्यासाठी मालकांनी खोटे पकडणारे यंत्र भाड्याने आणले. तज्ज्ञही भाड्यानेच आणला. कारखाना म्हणजे एक कुटुंब, हे मालकांचे लाडके वचन. आता त्या कुटुंबातील एकेकाच्या मनगटाला पट्टा बांधला जात होता. विक्रीप्रमुख घामाघूम होऊन आले, पण त्यांची नाडी संथ होती. ते निर्दोष सुटले. मिश्रण विभागातील या बाई शांत बसल्या होत्या आणि काटा काही केल्या उतरत नव्हता. त्यांची नेमणूक येत्या आठवड्यात कायम व्हायची होती.

चोराच्या मनात चांदणे, असा निष्कर्ष तज्ज्ञाने काढला. बाई बोलल्या तरी काटा तिथेच, गप्प राहिल्या तरी तिथेच, याचे त्याला नवल वाटले नाही. मालकांनी समजुतीचा सूर लावला. कबुली दिली तर पोलीस नाहीत, बोभाटा नाही, नेमणूकही ठरल्याप्रमाणे होईल. माणूस आहे, चुकायचाच. बाई एवढेच म्हणाल्या की सूत्र त्यांनी कुणालाही दिलेले नाही.

"बाई, पोटात काय दडवलंय ते एकदाचं ओठांवर येऊ द्या," तज्ज्ञ म्हणाला.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"चौथा महिना," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी डॉक्टरीणबाईंचे म्हणणे सांगितले. दोन जिवांपुरते रक्त फिरवायचे असते. म्हणून हृदयात ठोक्यांचा वेग ठरवणारा जो उपजत मुकादम असतो, तो या दिवसांत आपण होऊन काम वाढवतो. बाई स्वस्थ बसल्या तरी तो बसत नाही, आणि जादा वेतनही मागत नाही.

तज्ज्ञाने वाढीव ठोके वजा केले आणि सूत्राचा प्रश्न पुन्हा विचारला. काटा जागचा हलला नाही. बाई निर्दोष असल्याचे त्याने नाइलाजाने जाहीर केले.

मालकांचा चेहरा उतरला.

"फितुरी एक वेळ पोटात घातली असती हो," ते म्हणाले, "पण सहा महिन्यांची रजा कशी घालू?"